टॅपेट फिरतो काय?

शाळेच्या वार्षिकांकात शिक्षकांनी विद्यार्थ्यांना चार हिताच्या गोष्टी सांगाव्यात असा एक प्रघात आहे, आणि गेली काही वर्षे आम्हीही तो इमानाने पाळत आलो आहोत. या अंकात मात्र आम्हाला आमच्याच एका चुकीचा हिशेब द्यावयाचा आहे. चूक अवघ्या दोन गुणांची होती. परंतु ती तांबड्या शाईने एका उत्तरपत्रिकेवर झाली आणि तिचा जमाखर्च एका शेतकऱ्याच्या विहिरीवर निघाला; त्यामुळे वर्गातल्या वर्गात ती पुसून टाकण्यासारखी राहिली नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षकांची जागा रिकामी झाली आणि नववीचे विज्ञान काही महिन्यांपुरते आमच्या पदरी आले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. मराठी आणि इतिहास हे आमचे विषय. ‘घर्षण’ हा पाठ रात्री वाचावा आणि सकाळी शिकवावा, असा आमचा क्रम चालला होता. वर्गात आम्ही मुलांना तळहात एकमेकांवर घासावयास सांगितले. हळू घासले तेव्हा ऊब आली, जोराने घासले तेव्हा चटका बसला. तेवढ्यावरून आम्ही निष्कर्ष काढून मोकळे झालो: वेग जितका अधिक तितके घर्षण अधिक, आणि घर्षण जितके अधिक तितकी झीज अधिक. आमच्या भालकी तालुक्यात थ्री-फेज वीज ठराविक तासच मिळते. म्हणून पुष्कळ शेतकऱ्यांनी विजेच्या मोटारीच्या जोडीला जुने डिझेल इंजिन विहिरीवर ठेवलेले असते. वर्गातील कितीतरी मुलांच्या घरी असे इंजिन आहे, हे ध्यानी घेऊन आम्ही उदाहरणही तेच दिले. इंजिन हळू चालवा म्हणजे ते दीर्घायुषी होईल, असा आशीर्वाद देऊन आम्ही पाठ संपविला.

पुढे घटक चाचणी आली. ‘यंत्राचा वेग वाढविला असता घर्षणावर काय परिणाम होतो? सकारण लिहा,’ असा दोन गुणांचा प्रश्न आम्ही घातला होता. एका विद्यार्थ्याने लिहिले: ‘सर्व भागांत सारखा परिणाम होत नाही. आमच्या इंजिनाचे मिस्त्री म्हणतात की, इंजिन फार हळू चालविले तर टॅपेट जास्त झिजतो.’ आम्ही त्यावर शून्य दिले. तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चालले असते. पण आम्ही खाली शेराही लिहिला: ‘मिस्त्री परीक्षेला बसलेले नाहीत.’ आणि उत्तरपत्रिका परत देताना तो मोठ्याने वाचून दाखविला. वर्ग हसला. मुलाने उत्तरपत्रिकेची चौपदरी घडी करून खिशात ठेवली. त्या दिवसानंतर विज्ञानाच्या तासाला त्याचा हात वर आलेला आम्हाला आठवत नाही.

फेब्रुवारीत तो सलग आठ दिवस शाळेत आला नाही, तेव्हा चौकशीसाठी आम्ही त्याच्या गावी गेलो. घरी कळले की सगळे मळ्यात आहेत. विहिरीपाशी गोणपाट पसरले होते, त्यावर इंजिनाचे सुटे भाग ओळीने मांडले होते आणि आमचा विद्यार्थी रॉकेलच्या डब्यात एकेक भाग बुडवून धूत होता. शेजारी उसाचे कडेचे वाफे पिवळे पडलेले दिसत होते. वडिलांनी बसावयास बाज दिली, चहा सांगितला आणि सहज म्हणाले, “गुरुजी, दिवाळीपासून तुम्ही सांगितल्यापरमानं हळूच चालवलो बघा. पोरगं घरी येऊन म्हनलं, मिस्त्री येक म्हनत्यात अन् सर येक म्हनत्यात. मी म्हनलो, सरांचंच बराबर असंल.”

त्या वेळी आमची काय अवस्था झाली असेल ती वाचकांनी जाणावी. चहा कडू नव्हता, पण तो संपेपर्यंत आमच्याने मान वर करवली नाही.

इंजिन कोणत्या कारखान्याचे होते हे येथे अप्रस्तुत आहे, कारण दोष त्याचा नव्हता. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना 1946 साली निघाला. त्यानंतर अशी छोटी डिझेल इंजिने महाराष्ट्रात आणि आमच्या सीमाभागात घरोघर पोहोचली, मोटा बंद पडल्या आणि विहिरीच्या थारोळ्यावरचे गाणे जाऊन तेथे इंजिनाचा ठोका आला. आमच्या समोरचे इंजिन पाच अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, मिनिटाला 1500 फेरे घेणारे होते. आत हवा घेण्यासाठी एक आणि जळका वायू बाहेर सोडण्यासाठी एक, असे त्याला दोन व्हॉल्व्ह. ते वेळच्या वेळी उघडण्याचे काम कॅमचे. कॅम म्हणजे एका दांड्यावर बसविलेला, एका अंगाला नाक आलेला पोलादी गोळा. तो फिरताना त्याचे नाक वरच्या टॅपेटला ढकलते. टॅपेट पुश रॉडला, पुश रॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. नाक निघून गेले की दणकट स्प्रिंग व्हॉल्व्ह पुन्हा मिटवते. कॅमचा दांडा इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो. म्हणजे मिनिटाला 750 वेळा प्रत्येक टॅपेट वर उचलला जातो. सहा तास पाणी चालले तर 2,70,000 वेळा! आणि दर वेळी स्प्रिंगचा सगळा भार कॅम आणि टॅपेट यांच्यामधल्या एका बारीक रेषेवर येतो. इंजिनातील अत्यंत कष्टाच्या जागांपैकी ही एक होय, याची आम्हाला तोवर गंधवार्ता नव्हती.

मिस्त्री दुपारी आले. वयस्क गृहस्थ, बोलणे बीदरी दखनीत. त्यांनी दोन्ही टॅपेट पालथे करून आमच्या हातावर ठेवले. एकाच्या बुडावर कुंभाराच्या चाकावरून उतरलेल्या मडक्यासारखी एकात एक वर्तुळे उमटली होती. दुसऱ्याच्या बुडावर आडवी सरळ खाच पडली होती आणि त्याच्याखालच्या कॅमचे नाक उघड्या डोळ्यांना दिसण्याइतके बसले होते. व्हर्नियरने मोजले तेव्हा दोन कॅममध्ये दीड मिलिमीटरची तफावत निघाली. खाच पडलेला टॅपेट एक्झॉस्टचा. तो पुरता उचलला जात नव्हता, म्हणून जळका वायू आत कोंडत होता, नवी हवा कमी येत होती, इंजिन काळा धूर टाकत होते आणि पाणी वर चढत नव्हते. “साब,” मिस्त्री म्हणाले, “पहिले इत्ता देखना: टॅपेट फिरता क्या नै?”

हा प्रश्न आम्हास नवा होता. टॅपेट वरखाली होतो एवढेच आम्ही ऐकले होते. तो स्वतःभोवतीही फिरतो, नव्हे फिरलाच पाहिजे, हे आम्हाला त्या दिवशी कळले. कॅम टॅपेटच्या बरोबर मध्याखाली नसतो, मुद्दाम किंचित बाजूला ठेवलेला असतो. जात्याचा खुंटा मध्यावर न बसविता कडेला बसवितात, तेव्हाच जाते फिरते. तीच युक्ती येथे आहे. टॅपेट फिरला की कॅम दर वेळी त्याच्या बुडाच्या नव्या भागावर येतो, नुसते घासणे थोडे कमी होऊन त्यात थोडे गडगडणे येते आणि झीज सगळीकडे वाटली जाते. तो अडला, म्हणजे काजळीने किंवा जुन्या चिकट तेलाने जागीच बसला, की त्याच रेषेवर लाखो वेळा घासणे चालते. मग खाच पडते, आणि खाच पडल्यावर तो मुळीच फिरत नाही.

मिस्त्रींची तपासण्याची रीतही पाहण्यासारखी होती. उदगीरहून नवा कॅमशाफ्ट आणि टॅपेट आणून बसविल्यावर त्यांनी वरचे झाकण उघडे ठेवले, दोन्ही पुश रॉडवर पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका दिला आणि इंजिन चालू केले. टॅपेट आत झाकलेला असतो, तो दिसत नाही. पण तो फिरू लागला की बहुधा पुश रॉडही त्याच्यासंगे फिरतो. वरखाली नाचता नाचता पांढरा ठिपका हळूच आमच्या नजरेआड गेला, थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने परत आला. “हौ, फिऱ्या,” असे म्हणून मिस्त्रींनी हात पुसले. काडीभर रंगात केलेले ते मोजमाप होते, हे समजण्यास आम्हाला पुढे कलबुर्गीपर्यंत जावे लागले.

कलबुर्गीला (जुनी माणसे अजून गुलबर्गाच म्हणतात) एका अभियांत्रिकी महाविद्यालयात आमच्या ओळखीचे एक प्राध्यापक आहेत. 2017 साली सुरू झालेल्या बीदर-कलबुर्गी लोहमार्गाने एका शनिवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. मनात एक खोटी आशाही होती, ती लपविण्यात अर्थ नाही: मिस्त्रींचे म्हणणे शास्त्राला धरून नाही, असे कोणीतरी सांगावे.

त्यांच्या प्रयोगशाळेत एका जुन्या मोटारीचे हेड मेजावर बसविले होते. इंजिन नाही, डिझेल नाही, आग नाही. नुसता कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, स्प्रिंग आणि ते फिरविणारी विजेची मोटर. मोटर आणि कॅमशाफ्ट यांच्यामधल्या दांड्याला बारीक तारेच्या चकत्या चिकटविल्या होत्या. दांड्याला पीळ बसला की त्या तारेचा विद्युत्-रोध किंचित बदलतो आणि त्यावरून पिळाचे मान कळते. पडद्यावर जी रेघ उमटे ती एकदा वर जाई, एकदा शून्याच्याही खाली येई. आम्ही विचारले, खाली का? प्राध्यापक म्हणाले, कॅम स्प्रिंग दाबतो तेव्हा मोटरला जोर लावावा लागतो, आणि स्प्रिंग सुटते तेव्हा तीच कॅमला पुढे ढकलते. शेजारणीने पीठ उसने न्यावे आणि परत आणावे तसा हा व्यवहार. जितके नेले तितकेच परत आले तर बेरीज शून्य. परंतु परत येताना नेहमी थोडे कमीच भरते. ही जी तूट, तेच घर्षण. संपूर्ण फेऱ्याची सरासरी काढली की स्प्रिंगचे देणेघेणे फिटते आणि तूट तेवढी हाती राहते.

घसरण मोजण्याची रीत त्याहून सोपी. काही इंजिनांत टॅपेटला खाली छोटा रूळ असतो. बैलगाडीच्या चाकाचा परीघ 15 फूट धरला तर 1500 फूट वाटेवर त्याचे 100 फेरे झाले पाहिजेत. ब्रेक लागून चाक अधूनमधून फरपटले आणि फेरे 97 च भरले, तर शंभरात तीन हिस्से चाक घसरले असे म्हणावयाचे. रुळाचेही तेच. कॅमच्या आकारावरून फेरे किती व्हावेत हे गणिताने काढतात. रुळात इवलेसे चुंबक बसवून ते संवेदकासमोरून किती वेळा गेले ते मोजतात. दोन्हींतला फरक ती घसरण. सपाट टॅपेटचे स्वतःभोवतीचे फिरणेही असेच चुंबक लावून मोजतात. मिस्त्रींचा पांढरा ठिपका आणि हे चुंबक यांत जातीचा फरक आम्हाला दिसेना.

मग प्राध्यापकांनी मोटरचा वेग वाढविला आणि सरासरीचा आकडा दाखविला. वेग वाढला तसा घर्षणाचा आकडा उतरला. पुन्हा हळू केले, आकडा चढला. आम्ही तीनदा करावयास लावले. तिन्ही वेळा तेच.

याचे कारण तेलात आहे. दोन पृष्ठभागांमध्ये तेल आपोआप टिकत नाही. फिरणारे पृष्ठभागच ते आपल्यासंगे आत ओढून नेतात. वेग असेल तर तेल भरपूर ओढले जाते, त्याचा पडदा तयार होतो आणि पोलादाला पोलाद लागत नाही. कॅमच्या नाकापाशी तर हा पडदा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड. नाकाच्या दोन्ही अंगांना एकेक क्षण असाही येतो की तेल आत ओढणारी गती शून्य होते. इंजिन फार हळू चालले की त्या पडद्याला जीव धरण्यापुरते तेलच आत ओढले जात नाही, आणि धातू धातूला भिडतो. तेथे राखण करते ती तेलात मिसळलेल्या जस्त, स्फुरद आणि गंधक यांच्या संयुगाची पुटी. तेल जुने झाले की तीही क्षीण होते. भरीस भर, वेग असताना वर उसळलेल्या भागांना आवरण्यात स्प्रिंगचा काही जोर खर्ची पडतो, त्यामुळे नाकावरचा भार हलका होतो. हळू चालविताना तो सगळाच्या सगळा नाकावर येतो. क्रँकच्या बेअरिंगमध्ये मात्र पडदा जाड असतो, आणि तेथे वेग वाढला की तेलाचे स्वतःचे ओढून धरणे वाढते. रिचर्ड स्ट्रिबेक या जर्मन अभियंत्याने 1902 साली बेअरिंगांवर केलेली मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हापासून ही रेषा शास्त्रज्ञांना ठाऊक आहे: आधी उतरती, मग चढती. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याने लिहिले तेच. सर्व भागांत सारखा परिणाम होत नाही.

आणि तळहाताचा चटका? तो खरा होता. आम्ही त्याचा अर्थ चुकीचा लावला होता. घर्षणाचे बल ही एक गोष्ट आणि त्यापायी दर सेकंदाला उत्पन्न होणारी उष्णता ही दुसरी. उष्णतेत बल आणि वेग या दोहोंचा गुणाकार असतो. बल तेवढेच राहून वेग दुप्पट झाला तरी चटका दुप्पट बसणारच. इतिहासाच्या शिक्षकाने एका राजाचे पराक्रम दुसऱ्याच्या नावावर घालावेत, त्यातलाच हा प्रकार.

प्राध्यापकांनी जाता जाता सांगितले की, घासण्याच्या आणि झिजण्याच्या या शास्त्राला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव 1966 साली इंग्लंडमध्ये पीटर जोस्ट यांच्या अहवालाने रूढ केले. त्याच वर्षी पुण्याला मोटारींच्या संशोधनासाठी एआरएआय ही संस्था स्थापन झाली. ग्रीक भाषेत त्या शब्दाचे मूळ ‘घासणे’ एवढेच आहे. परतीच्या गाडीत आम्ही उगाच शब्दांशी खेळत बसलो. मराठीत घर्षण; कानडीत घर्षणे, आणि तोच शब्द कानडी वर्तमानपत्रे माणसामाणसांतील झगड्यालाही वापरतात. घसरणे म्हणजे कानडीत जारु, आमच्या कोंकणीत निसरप. चार भाषा कानावर घेऊन वाढणारी आमची सीमाभागातील मुले. त्यांतल्या दखनीत सांगितलेले एक सत्य आम्ही मराठीच्या पेपरात शून्य ठरविले होते.

सोमवारी वर्गात आम्ही एक प्रयोग केला. मिस्त्रींकडून सारख्या उंचीचे तीन जुने टॅपेट मागून आणले, ते एका फळीखाली पायांसारखे बसविले, वर वजने ठेवली आणि लोखंडी पत्र्यावरून ती फळी ताणकाट्याने ओढली. कोरड्या पत्र्यावर वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतका जोर लागला. तेल लावल्यावर तो आठव्या हिश्श्याच्या आसपास आला. मुले हिरमुसली, तेल लावूनही एवढाच फरक? आम्हीही महिन्यापूर्वी हिरमुसलो असतो. पण ताणकाटा नीट वाचता यावा म्हणून आपण फळी किती सावकाश ओढतो आहोत, हे एका मुलीच्याच ध्यानात आले. तिला पुढचे आम्ही सांगितले नाही; त्या विद्यार्थ्याला फळ्यापाशी बोलावले आणि त्याला सांगावयास लावले. तो अडखळत बोलला, कॅमचे चित्र उलटे काढले, परंतु पडदा, वेग, नाक, सगळे सांगितले.

त्यानंतर आम्ही त्याची ती उत्तरपत्रिका मागितली. चौपदरी घडीची ती आता दप्तरात होती. शून्य खोडून दोन गुण केले, खाली सही केली आणि शेरा वर्गासमोर वाचून त्यावर रेघ मारली. या खेपेस कोणी हसले नाही. वर्षाच्या निकालात त्या दोन गुणांनी काही फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे.

विहिरीचा हिशेब राहिला होता. कॅमशाफ्टच्या खर्चातील निम्मी रक्कम घेऊन आम्ही पुन्हा मळ्यात गेलो. वडिलांनी पैसे हातात घेतले नाहीत. “तुमच्या बोलन्यानं का लोखंड झिजतंय, गुरुजी? त्याल दोन वर्सं बदललो नव्हतो,” असे म्हणून त्यांनी विषय वाळलेल्या उसाकडे नेला. ते खरेच होते. तेल जुने होते, टॅपेट कदाचित आधीच अडला असेल. आमचा वाटा किती आणि तेलाचा किती, हे निवडून देणारे यंत्र त्या प्रयोगशाळेतही नव्हते. त्या पैशांचे आम्ही तेल घेतले आणि डबा विहिरीवरच्या खोपीत ठेवून आलो. त्याला मात्र कोणी ना म्हटले नाही.

आता त्यांचे इंजिन पूर्ण वेगाने चालते. आमच्या विद्यार्थ्याने एक जुनी वही केली आहे. महिन्यातून एका रविवारी तो मिस्त्रींना बोलावून झाकण उघडवतो, पांढरे ठिपके देतो, इंजिन अगदी मंद गतीवर ठेवतो आणि घड्याळ लावून मोजतो. मागच्या खेपेस आम्हीही गेलो होतो. घड्याळ धरण्याचे काम आमच्याकडे होते. एक्झॉस्टचा पुश रॉड मिनिटाला 9 वेळा फिरला. इनलेटचा मोजताना ठिपका तेलाने पुसला गेला. वहीत त्याची जागा मोकळी ठेवली आहे.